घोडी, पडदे आणि स्क्रू : बेळगाव भागातल्या गिटारच्या छंदामागचा इतिहास

आमच्या आजोबांचा तंबोरा दर दोन-तीन वर्षांनी मिरजेला जायचा. जुन्या लुगड्यात गुंडाळून बेळगाव स्टेशनावर तो गाडीत चढवायचा, आणि परत आला की आजोबा एकेक तार छेडत डोळे मिटून बसायचे. ‘जवारी बसली,’ एवढंच म्हणायचे. जवारी काढणं म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने आणि मग पॉलिशपेपरने इतका नेमका घासायचा, की तार सुटताना त्या माथ्याला हलकेच स्पर्श करत सुटावी आणि तिच्यातून वरचे स्वर फुलून यावेत. केसभर चुकलं तरी तंबोरा चरचरतो नाहीतर मुका होतो. पुढे मी इलेक्ट्रिक गिटारच्या सेटअपबद्दल, म्हणजे ती नीट लावून घेण्याबद्दल, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती मिरजेची गाडीच आठवली. दुकानातून आणलेलं वाद्य लावून घ्यावं लागतं, हे आमच्या भागाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मिरजेची ही विद्या हत्यारांच्या धारेतून आली. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी आणि धार देणारे. त्या कामाची गरज ओसरत गेली तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि त्यातून मिरजेची सतार-तंबोऱ्याची परंपरा उभी राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तरी वाद्यांची ये-जा थांबली नाही. तंबोरे मिरजेला जात राहिले, तारा कोल्हापूरहून येत राहिल्या.

गिटारचा सेटअप समजायला सतार शेजारी ठेवून बघावी. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे कोमल-तीव्र हवं तसं सरकवता येतात, घोडी मात्र जागेवर असते. गिटारचं नेमकं उलटं. पडदे, म्हणजे फ्रेट, लाकडात ठोकलेले. ते हलणार नाहीत, म्हणून घोडीच पुढेमागे सरकवायची. इंटोनेशन इंटोनेशन म्हणतात ते एवढंच.

ठोकलेल्या पडद्यांमागचं गणित जुनं आहे. शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली संगीतज्ञ होते. त्यांनी १५८१ मध्ये पडदे बसवण्यासाठी १८:१७ हे प्रमाण सांगितलं : उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडायचा आणि पुढचा पडदा ठोकायचा. आज सप्तकाचे बारा समान भाग करतात आणि प्रत्येक पडद्याला उरलेली तार १.०५९५ ने भागतात. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बहुतेक गिटारवर तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते. त्या हिशेबाने पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर येतो. विन्चेन्झोंच्या हिशेबाने तो बरोबर ३६ वर आला असता. बारावा पडदा ३२४ वर, अगदी मधोमध. पण तार दाबली की ती ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. जाड तारेत तो जास्त चढतो. म्हणून बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशी जुळेपर्यंत घोडी मागे न्यायची. सहा तारांच्या सहा घोड्या तिरप्या रांगेत का दिसतात, त्याचं कारण हे.

आता वीज. बॅन्डमधल्या ट्रम्पेट-ड्रमपुढे लाकडी गिटार ऐकूच जात नसे. ही अडचण अमेरिकेत जॉर्ज बोशॉम्प यांनी १९३१ मध्ये सोडवली : पोलादी तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजेच पिकअप. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत तेवढ्याच कंपनांची वीज उठते. अडॉल्फ रिकनबॅकर यांच्यासोबत त्यांनी हे वाद्य विकायला काढलं, १९३७ मध्ये पेटंट मिळालं. तव्यासारख्या आकारामुळे त्याला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर पोलादी कांडी सरकवून वाजवायची, म्हणजे हवाईयन पद्धतीची. आपल्या देशातही विजेची गिटार आधी रुळली ती याच रूपात, कारण मींड काढायला कांडी सोयीची पडते. व्हॅन शिप्ली यांनी वाजवलेल्या सिनेमातल्या चालींच्या रेकॉर्ड घराघरांत गेल्या.

आमच्या गल्ल्यांतून मात्र विजेवरचं पहिलं तंतुवाद्य ऐकू आलं ते बेंजो. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य मुळात जपानचं. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ते ‘ताइशोगोतो’ म्हणून बनवलं, आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, आणि पुढे त्याला पिकअप लावून कर्ण्यावर सोडल्यावर वरातीचं बेंजो. गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवर बसवलेल्या त्या कर्ण्यांमागे मी मारुती गल्लीपासून चालत गेलोय. तारेला पिकअप लावला की आवाज कसा अंगावर येतो, हे मला गिटारच्या आधी बेंजोने शिकवलं. गिटार मी नंतर गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात पाहिली, आणि कॅम्पातल्या चर्चमध्ये. गोवा चोर्ला घाटापलीकडेच, त्यामुळे तिथून आलेल्या कुटुंबांत कुणी ना कुणी वाजवणारं असायचंच.

सेटअप हा छंद होऊ शकला याचं मोठं श्रेय मी लिओ फेंडर यांना देतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुरुस्तीला आलेली वस्तू उघडताना काय त्रास होतो ते त्यांना रोजच दिसत होतं. १९५० मध्ये त्यांनी सपाट भरीव फळीची गिटार काढली, तिचा नेक, म्हणजे पडद्यांची दांडी, गोंदाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवला. नेक बिघडला तर काढा, दुसरा लावा. टेलिकास्टर हे नाव तिला १९५१ मध्ये मिळालं. तिच्या ब्रिजवर सहा तारांना तीनच घोड्या होत्या, म्हणजे दोन तारांनी एक वाटून घ्यायची. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर प्रत्येक तारेला स्वतंत्र घोडी आली, वर-खाली आणि पुढे-मागे होणारी. त्याच सुमाराला गिब्सन कंपनीनेही लेस पॉल गिटारवर सुट्या घोड्यांचा ब्रिज आणला. नेकमधली ट्रस रॉड, म्हणजे ताणाला उलटा जोर देणारी पोलादी सळई, गिब्सनमध्ये १९२० च्या दशकातच आली होती. या सगळ्या गोष्टी स्क्रू ड्रायव्हर आणि ॲलन कीने फिरतात. तंबोऱ्याच्या जवारीत एकदा घासलेलं परत येत नाही. इथे चुकलं तर स्क्रू उलटा फिरवता येतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे.

अपग्रेडचा इतिहासही वाजवणाऱ्यांनीच घडवला. स्ट्रॅटोकास्टरचा स्विच सुरुवातीला तीन जागांचा होता. वादक तो दोन जागांच्या मधोमध अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे. तो आवाज इतका आवडता झाला की १९७७ पासून कारखान्यातूनच पाच जागांचा स्विच येऊ लागला. डिमार्झिओ कंपनीने १९७२ मध्ये खास बदलून बसवण्यासाठी पिकअप काढला, सेमूर डंकनची कंपनी १९७६ ची. तोवर रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्यासारखे लोक एकीची बॉडी, दुसरीचा नेक, तिसरीचा पिकअप जोडून आपली गिटार बनवायला लागले होते.

आमच्याकडे १९९१ च्या आधी परदेशी गिटार म्हणजे आखातातून कुणी आणली तर. आयात खुली झाल्यावर हळूहळू कोरिया, इंडोनेशिया, चीनमधल्या बनावटीच्या गिटारी पणजी, हुबळी, पुण्याच्या दुकानांतून इकडे यायला लागल्या. त्या चांगल्या होत्या, पण नीट बसवलेल्या नसायच्या, आणि जवळपास गिटार बसवून देणारं कुणी नव्हतं. मग ज्याची त्याने उघडली.

आणि इथे बेळगावचा दुसरा वारसा कामाला आला. हे फाउंड्रीचं, लेथचं, हायड्रॉलिकचं गाव. उद्यमबागेत एक फेरी मारली की गिटारची निम्मी हत्यारं मिळतात. नेकचा बाक मोजायला फीलर गेज लागतो. तो टॅपेट सेटिंगसाठी प्रत्येक दुचाकी मेकॅनिककडे असतोच. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची, सातव्या-आठव्यापाशी तारेखाली ०.२५ मिलिमीटरची पट्टी अलगद सरकली की बाक ठीक. नटच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यातून जातात त्या पट्टीच्या, खाचा घासायला परदेशात महागड्या कानशी मिळतात. आम्ही गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या बारीक सळयांचा जुडगा वापरतो, पाकीटभर वेगवेगळ्या जाडीच्या, थोड्या पैशांत. सतराव्या पडद्यावर तारेची उंची १.६ मिलिमीटर ठेवायची, ती साध्या स्टीलपट्टीने बघता येते.

वायंडिंगची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती कुठे लिहिलेली मला सापडली नव्हती. पिकअपसाठी ४२ नंबरची तार लागते असं सगळीकडे असतं. मी मोटार वायंडिंगच्या दुकानात जाऊन ४२ नंबर मागितली.

‘मामा, एवढीच रीळ द्या की, प्रयोगाला.’

‘पंख्याला घालणार काय?’

‘गिटारला.’

त्यांनी मान हलवली आणि रीळ दिली. घरी शिलाई मशीनच्या मोटारवर बॉबिन बसवून गुंडाळायला लागलो. आठ हजार वेढे घालायचे होते. तीन हजाराच्या आसपासच बॉबिन काठोकाठ भरली. मीटर लावला तर हजार ओहमसुद्धा दिसेनात, हवे होते सहा हजारांच्या आसपास. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला : पुस्तकातला ४२ हा अमेरिकन गेजचा, आणि आपल्या वायंडिंगच्या दुकानात चालतो तो ब्रिटिश एसडब्ल्यूजी. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. एसडब्ल्यूजी ४२ म्हणजे ०.१०२. आपल्या मापात पिकअपला ४६ नंबर मागायची, ती ०.०६१ भरते. परत गेलो तर मामांनी ४६ ची रीळ वरच्या फळीवरून काढून फुंकर मारून दिली. ‘श्वास लागला तरी तुटती ही, सांभाळून.’ दोनदा तुटलीच, तिसऱ्यांदा आठ हजार पुरे झाले. मग पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं मेण घालून, पाण्याच्या पातेल्यात पातेलं ठेवून, ते वितळवलं आणि गुंडाळी त्यात बुडवली, म्हणजे आवाज वाढवल्यावर सैल वेढे शिट्टी घालत नाहीत. मेण थेट गॅसवर कधीही ठेवू नये, ते पेट घेतं.

एका गुंडाळीचा पिकअप घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघरही पकडतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या उलट-सुलट जोडून ती मारली. त्यांचे हे दुहेरी पिकअप, म्हणजे हंबकर, १९५७ पासून गिटारवर आले. पण आमच्या खानापूर, निपाणीकडच्या गावांत घरघर ऐकली की आधी घराचं अर्थिंग तपासावं, पिकअप मागाहून. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर ते ठीक आहे, तारा अर्थला जोडलेल्याच असतात. मात्र अँप आणि माईकचं अर्थिंग नीट नसेल तर गिटार धरून माईकला ओठ टेकताच झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. या एका बाबतीत काटकसर करू नका असं मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

हवेचंही सांगायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये लाकूड सुकतं, आक्रसतं, आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटाला टोचायला लागतात. मृगाचा पाऊस लागला की तेच लाकूड फुगतं, नेक हलतो, काल स्वच्छ वाजणारी तार आज पडद्याला खरखरते. चौथाई फेरी ट्रस रॉड, मग एक दिवस थांबायचं. वर्षातून दोनदा हे ठरलेलं.

त्या नेकवरची काळपट तांबूस फळी बहुतेक वेळा शिसवाची असते. स्ट्रॅटोकास्टरवर ती १९५९ पासून आली, तेव्हा ब्राझीलच्या शिसवाची. ते मिळेनासं होत गेलं तसा जग भारतीय शिसवाकडे वळलं, म्हणजे सह्याद्रीच्या रानातल्या, कानडीत बीटे म्हणतात त्या झाडाकडे. खानापूरच्या जुन्या घरांतले देव्हारे आणि पलंग त्याचेच. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. इंडोनेशियात जोडलेली गिटार घरी आणली आणि तिच्या फळीवर तेलाचा बोळा फिरवला, तेव्हा आजीच्या देव्हाऱ्याचाच रंग वर आला.

मागच्या वर्षी त्या गिटारचा प्लास्टिकचा नट काढला आणि हाडाचा तुकडा घेऊन मिरजेला गेलो. कारागीर वयस्कर होते. त्यांनी आधी सहा घोड्यांचे स्क्रू नखाने फिरवून पाहिले, मग नटकडे वळले. ‘इथे जवारी नको ना?’ त्यांनी विचारलं. नको, म्हटलं, तार इथे घासायला नको. त्यांनी कानस उलट्या उताराने धरली, खाच खुंट्यांकडे खाली झुकवली, म्हणजे तार फळीकडच्या एकाच धारेवरून सुटेल. सहा खाचा व्हायला वीसेक मिनिटं लागली. शेवटी त्यांनी सहावी तार छेडली, कान लाकडाला लावला आणि ती खाच आणखी एकदा घासली.