मोसंबीवरचा दोरा आणि अमेरिकेचं विमान

जालन्यात शेजारच्या काकूंची नात मुंबईहून न्यूयॉर्कला निघाली, त्या दिवशी सकाळी काकू मोबाइल घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. पडद्यावरचं चिमुकलं विमान युरोपच्याही वर सरकायला लागलं तशी त्यांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. "अमेरिका पश्चिमेला ना रे? मग हे वर कामून चाललंय?"

घरात मोसंबी होती. देठ हा उत्तर ध्रुव धरला. मुंबईच्या जागी एक टाचणी खोचली, न्यूयॉर्कच्या जागी दुसरी, जवळजवळ पलीकडच्या अंगाला. पहिल्या टाचणीला शिवणाचा दोरा बांधला, सालीवरून आडवा दुसरीपर्यंत नेला आणि काकूंना म्हटलं, आता ओढा. ताण बसताच दोरा आपसूक देठाकडं सरकला. काकूंनी सैल सोडून पुन्हा ओढला, पुन्हा तेच!

गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. मुंबई-न्यूयॉर्क बृहद्‌वृत्त आइसलँडवरून जातं आणि भरतं सुमारे १२,५०० किमी. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर (गोल पृथ्वी सपाट चौकोनात पसरून दाखवणारा नकाशा) पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तर ती इजिप्त, लिबिया ओलांडून अटलांटिकमध्ये उतरते. दिसायला सरळ, पण खरी लांबी सुमारे १४,२०० किमी. प्रत्यक्षात वैमानिक बंद हवाई हद्दी आणि वादळं टाळत जातात, त्यामुळं वाट थोडीफार वाकतेच.

अंतराचं कोडं सुटलं, वेळेचं राहिलं. पृथ्वी पूर्वेकडं फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली अमेरिका आपणहून यायला नको का? हा प्रश्न मला शाळेतली पोरं हमखास विचारतात, आणि तो फार चांगला प्रश्न आहे. देवगिरी एक्स्प्रेस भरधाव असताना शेंगदाणा वर उडवून पाहा, तो हातातच पडतो. मागच्या बाकावर जात नाही. डब्याबरोबर आतली हवाही धावत असते. तशीच पृथ्वीबरोबर तिची हवा फिरते आणि त्या हवेतलं विमानही.

वेळ ठरवतो तो वारा. साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात, आणि त्यांचा वेग कधी ताशी २०० किमीच्याही पुढं जातो. एअर इंडियानं ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेच्या दिशेनं नेलं. अंतर सुमारे १,४०० किमीनं वाढून १५,३०० किमी झालं, तरी पाठीशी वारा असल्यानं ते साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोचलं. मला स्वतःला हे उदाहरण सगळ्यांत आवडतं.

काकूंनी दोरा बोटाला गुंडाळत विचारलं, "म्हणजे लेकरू येताना लवकर येईल?"

हो काकू, वारा साथीला असेल. तास-दीड तास तरी वाचेल.