गाणं उक्तं दिलं म्हणजे नेमकं काय दिलं?

गणपतीच्या आधी भक्तिगीतांच्या कॅसेटी निघायच्या तेव्हा गाणी लिहिणाऱ्याला उक्ते पैसे द्यायचे आणि विषय संपायचा, आता तेच गाणं यूट्यूबवर वाजतंय म्हटल्यावर खानापूर, निपाणीकडची ओळखीची माणसं विचारतात, मला काय मिळणार ओ? याला थोडं मागं जावं लागतंय.

एका गाण्याचे मालकीचे दोन उतारे असतात बघा, सातबाऱ्यासारखे. शब्द आणि चाल ही जमीन, रेकॉर्डिंग हे त्यावरचं घर, आणि मालक वेगवेगळे असू शकतात. घराचं भाडं, म्हणजे रेकॉर्डिंगचे पैसे, म्युझिक कंपन्यांसाठी गोळा करणारी पीपीएल ही संस्था १९४१ पासूनची, जमिनीवाल्यांची म्हणजे गीतकार, संगीतकार आणि पब्लिशर यांची आयपीआरएस ही संस्था १९६९ ची. गाणी लावणाऱ्या हॉटेलवाल्याला वाटतंय एकाच गाण्याचे दोनदा पैसे मागतात, पण ते दोनदा नाही, दोघांचे. (देवाच्या धार्मिक विधीला आणि वरातीला कायद्यातच सूट आहे, त्यामुळं बँडवाल्यांनी घाबरू नये.)

गोची झाली १९७७ ला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, निर्मात्यानं पैसे देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसला तर पहिला मालक निर्माताच. मग तो ते म्युझिक कंपनीला देणार आणि लिहिणारा कागदावरनं बाहेर! असं ३५ वर्षं चाललं. जावेद अख्तर राज्यसभेत गेल्यावर हा विषय त्यांनी लावून धरला आणि २१ जून २०१२ पासून कायदा बदलला, आता मालकी लिहून दिली तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडून देता येत नाही, दिलाच तर वारसांना नाहीतर सोसायटीला, म्हणजे आयपीआरएससारख्या संस्थेला. थिएटरात सिनेमासोबत वाजतंय तेवढं वगळून. सिनेमाबाहेरच्या गाण्यांनाही हे लागू आहे, म्हणजे आपल्या भक्तिगीतांनाही, आणि नेमकं हेच आपल्याकडं कुणी सांगत नाही. कायदा केंद्राचा, त्यामुळं गाणं कोल्हापुरात वाजो की चिक्कोडीत, हक्क तोच.

पण हक्क आहे म्हणून पैसे घरी चालत येत नाहीत. सोसायटीचं मेंबर व्हायचं, प्रत्येक गाणं नोंदवायचं, शब्द कुणाचे चाल कुणाची वाटा किती हे लिहायचं, नाहीतर वाजलेलं गाणं कुणाच्या खात्यावर टाकायचं हेच त्यांना कळत नाही. आणि गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर अभंग बसवला असेल, तसले आपल्याकडं पोत्यानं आहेत, तर चालीचा उतारा आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे.