ईसीजी नॉर्मल, मग ही धडधड कशाची?

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. माल काढणीला आलेला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आणि वर गारपिटीचा इशारा. काळजी वाटणारच, त्यात आजार काही नाही. पण माल गेला, पैसे खात्यात आले, तरी जूनमध्येही पहाटे छातीत धडधडून जाग येत असेल, पोटात गोळा येत असेल, तर मामला वेगळा आहे; तो चिंताविकार असू शकतो.

अशा वेळी आधी 'पित्त झालंय' म्हणतात, मग 'गॅस', मग 'बीपी'. ईसीजी नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, 'तुला काही झालेलं नाही.' हे वाक्य मला फार खटकतं. धडधड खरी असते.

मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागाला धोक्याची चाहूल लागली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन सुटतं. ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, तळहातांना घाम येतो. लढा किंवा पळा, अशी ही तयारी. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये ती मांडली. समोर बिबट्या असो की बँकेची नोटीस, शरीर तयारी तीच करतं.

सगळ्यात घाबरवतात त्या बोटांतल्या आणि ओठांभोवतीच्या मुंग्या. 'अर्धांगवायू तर नाही ना?' घाबरल्यावर आपण नकळत भराभर श्वास घेतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्ताची आम्लता घटते, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा उगाच चाळवतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं. श्वास पुरत नाही असं वाटतं, पण ऑक्सिजन पुरेसा असतो. म्हणून खोल श्वास ओढत बसण्यापेक्षा सावकाश सोडणं कामाला येतं.

मनाची लक्षणं मात्र 'स्वभाव' म्हणून खपून जातात. सतत काहीतरी वाईट घडेल असं वाटणं, लक्ष न लागणं, मुलांवर विनाकारण खेकसणं, हवामानाचं अ‍ॅप तासाला दहादा उघडणं. आणि टाळाटाळ: नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत एकदा जीव घाबरला, की माणूस तिकडे जाणंच सोडतो. टाळल्यावर बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते.

2006 मध्ये प्रसिद्ध झालेली 'जीएडी-7' ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची चाचणी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. 21 पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी बोलावं; निदान मात्र तेच करतील. बहुतेक दिवस अशी, आवरता न येणारी काळजी सहा महिने टिकली आणि कामावर परिणाम होऊ लागला, तर चिंताविकाराचा विचार होतो. थायरॉइड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी धडधडतं, त्यामुळे त्या तपासण्या आधी. दिवसाला आठ कप चहा होत असेल तर तेही सांगावं. छातीतली कळ जबड्यात किंवा हातात उतरत असेल, तर 'टेन्शन असेल' म्हणत घरी थांबू नये. थेट हॉस्पिटल गाठावं.

शासनाच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेवर 14416 या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं. समुपदेशनाने बऱ्याच जणांना आराम पडतो, काहींना गोळ्या लागतात. नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या झोपेच्या नसतात आणि त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. आठवड्यात 'फरक नाही' म्हणून त्या सोडणारे पुष्कळ.