हाताच्या मज्जातंतूंच्या दुखापती: थांबावे की शस्त्रक्रिया करावी, या प्रश्नाची पार्श्वभूमी

मान आणि छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूतून निघणाऱ्या पाच मज्जामुळांचे (मज्जातंतूंच्या मुळांचे) खांद्यापाशी एक जाळे तयार होते. त्यालाच ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात आणि हाताची जवळजवळ सर्व हालचाल व संवेदना त्याच्यावर अवलंबून असते. मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला की हे जाळे ताणले जाते, कधी तुटते.

प्रसूतीच्या वेळी अशी इजा झालेल्या नवजात बालकांचे वर्णन फ्रान्समधील द्युशेन यांनी 1872 मध्ये केले. जर्मनीतील एर्ब यांनी 1874 मध्ये प्रौढांमधील तशाच लुळेपणाचा अभ्यास केला आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूला एका ठराविक जागी विद्युतप्रवाह देऊन दोष मानेतील पाचव्या व सहाव्या मज्जामुळांच्या संगमापाशी असल्याचे दाखवले. पंजा लुळा पडून त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली लहान का होते, याचा उलगडा ऑगस्टा क्लुम्पके यांनी 1885 मध्ये विद्यार्थिदशेतच केला. त्या काळी स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणात किती अडथळे होते हे पाहता या कामाचे मोल अधिकच जाणवते.

बाकीचे बरेचसे ज्ञान मात्र युद्धांनी दिले. अमेरिकी यादवी युद्धात डॉक्टर वेअर मिचेल यांनी गोळी लागून मज्जातंतू दुखावलेले सैनिक तपासले. त्यांच्यापैकी काहींच्या हाताची आग इतकी असह्य होती की ते हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. पुढे 1943 मध्ये ब्रिटिश शल्यविशारद सेडन यांनी दुखापतींचे तीन प्रकार पाडले: तंतू शाबूत पण संदेशवहन बंद, आतील तंतू तुटलेला पण आवरण टिकून, आणि मज्जातंतू पूर्ण तुटलेला. पहिला बहुधा आपोआप बरा होतो, तिसऱ्याला शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही.

खरी अडचण वेळेची आहे. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे खांद्यापासून पंजाच्या स्नायूंपर्यंत पोहोचायला त्याला दोन वर्षांच्या आसपास लागतात. पण मज्जातंतूविना राहिलेला स्नायू साधारण दीड वर्षात तो स्वीकारण्याची क्षमता गमावतो. त्यामुळे आपोआप सुधारणा होईल या आशेवर फार काळ थांबणे रुग्णाला महागात पडते.

तंतूला वाढत जाऊन गाठावे लागणारे हे अंतरच कमी करण्याचा मार्ग फ्रान्समधील ओबरलँ यांनी 1994 मध्ये मांडला. पंजाकडे जाणाऱ्या धडधाकट अल्नर मज्जातंतूतील एक छोटी जुडी दंडातच बायसेप्सच्या (कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या) मज्जातंतूला जोडली, की कोपर काही महिन्यांत वाकू लागतो आणि पंजाची ताकदही सहसा घटत नाही. वरची मुळे तुटून खालची शाबूत असतील, तरच हा उपाय शक्य असतो.