कोलोन

कोलोन : जर्मनीच्या पश्चिम भागात ऱ्हाईन नदीकाठी वसलेले प्राचीन शहर. इ. स. ५० मध्ये रोमनांनी येथील वस्तीला ‘कोलोनिया’ म्हणजे वसाहतीचा दर्जा दिला, त्यावरून हे नाव पडले. ताप चढला की मराठी घरांत ज्याच्या पट्ट्या कपाळावर ठेवत, ते कोलनवॉटर मूळचे इथलेच. फारिना घराण्याची सुगंधी पाण्याची पेढी १७०९ पासूनची आहे.

मुख्य रेल्वे स्थानकाबाहेर पाऊल ठेवताच कॅथेड्रल, म्हणजे इथले मुख्य चर्च, अंगावर येते. तिथून ते कॅमेऱ्यात मावत नाही. अख्खे पाहायचे तर होहेनत्सोलर्न पुलावरून पलीकडच्या डॉइत्स काठावर जावे. पुलाच्या जाळीला प्रेमी युगुलांनी अडकवलेली कुलुपे वाटेत दिसतातच.

बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी राजांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी ११६४ मध्ये मिलानहून येथे आल्या आणि यात्रेकरूंची रीघ लागली. या अस्थींची सोन्याने मढवलेली पेटी आजही मुख्य वेदीमागे आहे. त्यांना साजेसे देऊळ हवे म्हणून १२४८ मध्ये या कॅथेड्रलचे काम सुरू झाले. सोळाव्या शतकात ते थांबले. अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर लाकडी यारी (क्रेन) तशीच उभी राहिली आणि सुमारे चारशे वर्षे तीच शहराची खूण झाली. पुढे दर्शनी भागाचा मध्ययुगीन आराखडा दोन तुकड्यांत सापडला, अर्धा डार्मश्टाटमध्ये, अर्धा पॅरिसमध्ये. तो पुढे ठेवून १८४२ मध्ये काम पुन्हा हाती घेतले गेले आणि १८८० मध्ये संपले. १५७ मी. उंचीची ही इमारत त्यानंतर चार वर्षे जगात सर्वांत उंच होती. म्हणजे ज्याला लोक मध्ययुगीन म्हणून न्याहाळतात, त्यातले बरेचसे, दोन्ही शिखरांसह, आगगाडीच्या काळातले आहे.

दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत. जिना गोल व अरुंद, उतरणारे आणि चढणारे एकाच वाटेने. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावे. मध्यावर २४ टनांची घंटा टांगलेली आहे. गावकरी तिला लाडाने ‘जाडा पिटर’ म्हणतात. खाली दक्षिणेकडच्या खिडकीत जर्मन चित्रकार गेर्हार्ड रिक्टर यांनी २००७ मध्ये ७२ रंगांचे ११,२६३ काचचौकोन बसवले. त्यात संत नाहीत, कथा नाही. दुपारी मात्र फरशीवर रंग सांडतात.

संध्याकाळ जुन्या गावातल्या बिअरगृहात काढायची रीत आहे. ‘क्योल्श’ ही स्थानिक बिअर ०·२ लिटरच्या उभट पेल्यात मिळते. पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवेपर्यंत वाढपी न विचारता नवा पेला आणत राहतो.