केळ्यातली गोळी

शनिवारी दुपारी एक आई माझ्या फार्मसीच्या काउंटरवर आली आणि थेट विचारले, "ताई, ही झोपेची गोळी आहे का?" तिचा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचे, निदान होऊन पंधरा दिवस झाले होते. गोळी सुरू झाल्यापासून सकाळच्या तासांना तो पुतळ्यासारखा बसतो, असे वर्गशिक्षिका सांगते. डबा तसाच घरी येतो. पाऊण वाजता बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, उतरला की दप्तर आपटून रडायला लागतो. "गप्प झालाय, पण हा माझा मुलगा वाटत नाही," ती म्हणाली.

तिची भीती मला अगदी रास्त वाटली. पण ही झोपेची गोळी नव्हे. हे मिथिलफेनिडेट, मेंदूला चालना देणारे उत्तेजक आहे. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी ते प्रथम बनवले. उत्तेजकाने चंचल मूल स्थिरावते हे त्याआधीच, १९३७ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी नोंदवले होते. त्यांनी बेन्झेड्रीन हे दुसरे उत्तेजक दिलेल्या ३० मुलांपैकी १४ जणांचा अभ्यास लक्षात येण्याइतका सुधारला होता.

उत्तेजकाने मूल शांत कसे होईल? आपल्या नदीकाठच्या खाजन शेतांची मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची दारे, आठवा. ओहोटीला दारे उघडतात, शेतातले पाणी नदीत उतरते. मेंदूतही दोन पेशींमधल्या फटीत डोपामिन हे निरोप नेणारे रसायन सुटते, निरोप देते आणि लगेच 'वाहक' प्रथिने ते उचलून मूळ पेशीत परत नेतात. हा वाहक म्हणजे निचऱ्याची मानशी. मिथिलफेनिडेट त्या दारात जाऊन बसते. निचरा मंदावतो, डोपामिन फटीत जास्त वेळ राहते. नॉरएपिनेफ्रिन या अशाच दुसऱ्या रसायनाच्या वाहकाचेही तसेच होते. १९९८ साली प्रौढांच्या मेंदूचे पेट स्कॅन, म्हणजे आतली रसायने टिपणारे चित्रण, काढले, तेव्हा नेहमीच्या मात्रेत डोपामिनचे निम्म्याहून जास्त वाहक अडलेले दिसले.

याचा फायदा कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला होतो. "थांब, हातातले आधी पुरे कर" असे सांगणारा हाच भाग. नॉरएपिनेफ्रिन तिथल्या अल्फा-२ए ग्राहींवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर, बसून कामाचा संदेश ठळक करते, तर डोपामिन डी-१ ग्राहींमार्फत आजूबाजूचा गोंगाट कमी करते. मात्र पातळी चढली की हेच डी-१ ग्राही जादा काम करतात, अल्फा-१ ग्राही जागे होतात आणि ते जाळे ढिले पडते. आलेख उलट्या यू अक्षरासारखा. रोपांना घोटाभर पाणी मानवते, शेत बुडाले की तीच रोपे कुजतात. मूल निस्तेज, थिजल्यासारखे दिसले तर पहिली शंका हीच घ्यावी, की पातळी शिगेच्या पलीकडे गेली आहे.

मी पट्टी हातात घेतली. नावापुढे 'एस-आर' होते, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी. "देता कशी?" मी विचारले. "त्याला गिळता येत नाही ना. चमच्याने चुरते आणि केळ्यात घालून भरवते."

सगळे कारण तिथेच होते. अशा गोळीचा गाभाच औषध धरून ठेवतो आणि सात-आठ तास थोडे थोडे सोडतो. चुरा केला की सगळे एकदम सुटते. साध्या मिथिलफेनिडेटचा असर अर्ध्या तासात सुरू होऊन चारेक तासांत ओसरतो. म्हणून सकाळी पुतळा, आणि औषध उतरल्यावर दुपारी दप्तराची आपटाआपट. या उतारावरच्या चिडचिडीला डॉक्टर 'रिबाउंड' म्हणतात. गोळी गिळली तरी ती थोडीफार दिसते, फक्त दिवसात उशिरा.

भूक मरणे, झोप लांबणे, पोट किंवा डोके दुखणे हे नेहमीचे त्रास. म्हणून वजन-उंची, नाडी आणि रक्तदाब तपासत राहावे लागते. छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, नसलेले दिसणे यांत मात्र एक दिवसही वाट पाहू नये.

दरम्यान शेजारणीने मीठमिरचीने दिष्ट, म्हणजे दृष्ट, काढली होती, आणि कुणीतरी 'बुद्धी तल्लख करणारे' सिरप घरी आणून दिले होते. देवाला नारळ ठेवा, गाऱ्हाणे घाला, मी अडवणार नाही. पण मीठमिरचीने रक्तातले औषध हलत नाही, आणि "साइड इफेक्ट शून्य" असे छापलेल्या बाटलीत काय आहे हे डॉक्टरला दाखवल्याशिवाय मुलाच्या पोटात घालू नका. त्या आईला मी रागावले नाही. पंधरा दिवसांत तिला कुणीच, मीसुद्धा, गोळी चुरू नका म्हणून सांगितले नव्हते. शेड्यूल एक्सच्या, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या, नियमाप्रमाणे चिठ्ठीची दुसरी प्रत मी फाइलला लावली होती, आणि हे एक वाक्य बोलायचे राहिले होते.

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मात्रा बदलली नाही, आधी अख्खी गोळी गिळायला शिकवा म्हणाले. मग सराव सुरू झाला, साखर लावलेल्या रंगीत बडीशेपेच्या दाण्यांवर, पाण्याच्या घोटाबरोबर, आधी एक दाणा, मग दोन. दुसरीकडे वहीत तीन रकाने: गोळीची वेळ, जेवण, चिडचिडीची वेळ.

पुढच्या चिठ्ठीच्या वेळी तिने वही काउंटरवर उघडली. डबा अर्धा परत येतो. वर्गात परवा त्याने हात वर केला. चिडचिडीच्या रकान्यात आता साडेतीन होते, आणि पुढे तिने लिहिले होते, 'रडला नाही, फक्त भूक लागली म्हणाला.'