अमेरिकेतील विद्यापीठ प्रवेशाचा वाद

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत प्रवेश कोणाला द्यावा, त्यात अर्जदाराचा वंश पाहावा की नाही आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावरून तेथील न्यायालयांत, कायदेमंडळांत आणि जाहीर चर्चेत गेली सुमारे पन्नास वर्षे चाललेला वाद. तो गुणवत्तेचा वाद म्हणून ओळखला जातो. पण १९७८ पासून त्याचा कायदेशीर आधार अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीत शोधला गेला, आणि त्यात सरकारच्या हाती असलेले मुख्य हत्यार म्हणजे अनुदान. एका प्रश्नाचा निकाल लागला की दुसरा डोके वर काढतो, तो यामुळेच.

वंचित वंशगटांना नोकरी-शिक्षणात संधी देण्याच्या उपायांना पुढे जिचे नाव मिळाले, ती ‘सकारात्मक कृती’ (अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन) ही संज्ञा रूढ झाली ती अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या ६ मार्च १९६१ च्या आदेशाने. सरकारी कंत्राटदारांनी वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश न पाहता नोकऱ्या द्याव्यात आणि त्यासाठी स्वतःहून पावले उचलावीत, एवढाच त्याचा आशय होता. लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये नव्या आदेशाने त्याला बळकटी दिली. त्याआधी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने संघराज्याचे पैसे घेणाऱ्या संस्थांना वंशभेद करण्यास मनाई केली होती. मनाई मोडली तर पैसे बंद. शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल दक्षिणेकडील राज्यांनी दहा वर्षे जवळजवळ गुंडाळून ठेवला होता. अनुदान तुटण्याची धास्ती बसल्यावर मात्र तिथली चक्रे हलली. पुढे या सहाव्या प्रकरणाचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला, म्हणून ते लक्षात ठेवायला हवे.

वादाला आजचे रूप आले ते बाक्की खटल्याने. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० जागांपैकी १६ अल्पसंख्याक वंशगटांसाठी बाजूला ठेवल्या जात. अ‍ॅलन बाक्की या गोऱ्या अर्जदाराला १९७३ आणि १९७४ अशी दोन्ही वर्षे नकार मिळाला, आणि तो न्यायालयात गेला. २८ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालय अक्षरशः दुभंगले. चार न्यायमूर्तींना राखीव जागा मान्य होत्या, चार जणांना ती पद्धत नागरी हक्क कायद्याविरुद्ध वाटली. मधोमध उभे होते न्यायमूर्ती लुईस पॉवेल. त्यांनी बाक्कीला प्रवेश द्यायला लावला आणि राखीव जागा रद्द ठरवल्या. पण इतर अनेक गोष्टींबरोबर वंशही विचारात घेण्याची मुभा विद्यापीठांना ठेवली. पॉवेल यांच्या संपूर्ण युक्तिवादाशी दुसरा एकही न्यायमूर्ती सहमत नव्हता, तरी पुढची पंचेचाळीस वर्षे देशभरचे प्रवेश या एका माणसाच्या मतावर चालले.

पॉवेल यांची वाट विलक्षण होती. समाजात पूर्वी झालेल्या अन्यायाची भरपाई हे कारण त्यांनी नाकारले. त्याऐवजी निरनिराळ्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी एकत्र आले की वर्गातली चर्चा समृद्ध होते आणि असा वर्ग घडवणे हा शैक्षणिक स्वातंत्र्याचा भाग आहे, असे त्यांनी म्हटले. हे स्वातंत्र्य राज्यघटनेत शब्दशः कुठेच नाही, पण पहिल्या घटनादुरुस्तीची त्यावर विशेष नजर आहे, हा त्यांचा मुद्दा. आधार होता १९५७ च्या स्वीझी खटल्याचा. पॉल स्वीझी या मार्क्सवादी अर्थतज्ज्ञाला न्यू हॅम्पशायर राज्याच्या महाधिवक्त्याने त्याच्या विद्यापीठातील व्याख्यानाबद्दल चौकशीत प्रश्न विचारले होते. त्या खटल्यातील सहमतीच्या मतात न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी विद्यापीठाची चार स्वातंत्र्ये उद्धृत केली: कोणी शिकवावे, काय शिकवावे, कसे शिकवावे आणि कोणाला प्रवेश द्यावा. ही यादी मुळात अमेरिकेची नव्हेच. केपटाऊन आणि विटवॉटर्सरँड या दक्षिण आफ्रिकी विद्यापीठांतील विद्वानांनी आपल्या सरकारच्या वर्णद्वेषी प्रवेशबंदीला विरोध करताना ती मांडली होती. प्रवेशात वंश पाहायला लावणाऱ्या सरकारविरुद्ध लिहिलेले शब्द अमेरिकेत वंश पाहण्याच्या मुभेचा आधार बनले.

या वळणाची किंमत कृष्णवर्णीयांना मोजावी लागली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी बाक्की निकालातील आपल्या स्वतंत्र मतात गुलामगिरी आणि वंशविभाजनाचा सारा इतिहास मांडला होता. पण पॉवेल यांच्या चौकटीत त्याला जागाच नव्हती. हक्काचा प्रश्न वर्गातल्या चर्चेच्या दर्जाचा प्रश्न झाला. इथे भारताशी तुलना उद्बोधक ठरते. भारतात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने मागासवर्गीयांसाठीच्या विशेष तरतुदींना आधार दिला आणि त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कक्षा वाढवली. अमेरिकेची १७९१ ची पहिली दुरुस्ती नेमके उलट, भाषणस्वातंत्र्याचा संकोच करणारे कायदे करण्यास काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, मनाई करते. त्यामुळे शाहू महाराजांच्या १९०२ च्या आदेशापासून राखीव जागा जाणणाऱ्या मराठी वाचकाला अमेरिकेतला युक्तिवाद परका वाटतो. तिथे टक्केवारी ठरवणे हाच गुन्हा, आणि २०२३ पर्यंत ‘विविधता’ हा परवलीचा शब्द होता.

पॉवेल यांनी आदर्श म्हणून हार्वर्डची पद्धत पुढे केली: आकडा न ठरवता प्रत्येक अर्जदाराचा समग्र विचार. या समग्र विचाराचा पूर्वेतिहास मात्र फारसा सोज्वळ नाही. १९२० च्या दशकात केवळ परीक्षेच्या जोरावर ज्यू विद्यार्थी हार्वर्डमध्ये वाढू लागले, तेव्हा अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी त्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला. उघड मर्यादेला विरोध झाला, म्हणून चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, घराण्याची पार्श्वभूमी असे निकष आले आणि हवा तो परिणाम साधला. गुणवत्ता म्हणजे गुणपत्रिका नव्हे, हे तत्त्व अमेरिकेत आधी कोणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी वापरले गेले आणि नंतर कोणाला तरी आत घेण्यासाठी.

२००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या दोन खटल्यांचा निकाल एकाच दिवशी लागला. पदवीच्या प्रवेशात १५० गुणांच्या मोजपट्टीवर अल्पसंख्याकांना सरसकट २० गुण देण्याची रीत रद्द झाली; विधी महाविद्यालयाची समग्र पद्धत टिकली. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी पंचवीस वर्षांनी अशा पद्धतीची गरज उरणार नाही अशी अपेक्षा व्यक्त केली. तोवर कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्येच सार्वमताने सरकारी विद्यापीठांत वंशाधारित प्राधान्य बंद केले होते, आणि टेक्सासने १९९७ मध्ये प्रत्येक शाळेतल्या पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेशाचा कायदा केला होता. शाळाच वंशांनुसार विभागलेल्या असल्याने वंशाचे नावही न घेता विविधता येते, अशी ही थोडी विचित्र युक्ती.

पंचवीस वर्षे पुरी व्हायच्या आत, २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. फिर्यादी संघटना वंशाधारित प्राधान्याचे विरोधक एडवर्ड ब्लम यांनी उभी केलेली, आणि तक्रार आशियाई-अमेरिकी अर्जदारांच्या वतीने: अभ्यासात अव्वल असूनही हार्वर्ड त्यांना ‘वैयक्तिक गुणां’त कमी लेखते. खालच्या न्यायालयात न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्या बाजूने कौल दिला होता. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्‌स यांच्या निकालाने तो उलटला. मात्र वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिले, तर ते विचारात घेता येईल अशी फटही ठेवली. लष्करी अकादम्यांचा प्रश्न न्यायालयाने मोकळा सोडला. खटल्यात आणखी एक गोष्ट उजेडात आली. खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांच्या ओळखीतले आणि प्राध्यापकांची मुले अर्जदारांत पाच टक्क्यांहून कमी, पण प्रवेश मिळालेल्यांत सुमारे ३० टक्के होती. न्यायालयात ती पद्धत आव्हानाखाली नव्हती.

निकालानंतरच्या पहिल्या वर्षी एमआयटीत (मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) नव्या विद्यार्थ्यांमधील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ वरून ५ टक्क्यांवर आले. येलमध्ये मात्र ते जवळपास होते तिथेच राहिले आणि आशियाई विद्यार्थीच घटले. या आकड्यांतून दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचे अर्थ काढले.

सरकारी पैशाला अटी जोडता येतात, हे न्यायालयांनी अनेकदा मान्य केले आहे. विद्यार्थ्यांच्या आंतरवांशिक प्रेमसंबंधांना बंदी घालणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत काढून घेण्यास १९८३ मध्ये, आणि लष्करी भरती अधिकाऱ्यांना आवारात समान प्रवेश न देणाऱ्या विद्यापीठांचे अनुदान रोखण्यास २००६ मध्ये मान्यता मिळाली. ही अट कुठवर ताणता येते, याची परीक्षा २०२५ मध्ये झाली. गाझा युद्धावरील निदर्शनांनंतर विद्यापीठांवर ज्यूद्वेषाकडे डोळेझाक केल्याचा आरोप होत होता. डिसेंबर २०२३ मधील काँग्रेससमोरच्या सुनावणीनंतर पेनसिल्व्हेनिया आणि हार्वर्डच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले होते. ट्रम्प सरकारने सत्तेवर येताच जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश रद्द केला आणि मार्चमध्ये कोलंबिया विद्यापीठाचे ४० कोटी डॉलर तोडले. बाबासाहेब आंबेडकर जिथे १९१३ ते १९१६ शिकले, ते हेच विद्यापीठ. कोलंबियाने जुलैत २० कोटींहून अधिक रक्कम भरण्याची आणि प्रवेशाची आकडेवारी देण्याची तडजोड केली.

हार्वर्डला एप्रिलमध्ये आलेल्या पत्रात केवळ गुणवत्तेवर प्रवेश व नेमणुका आणि विभागवार विचारवैविध्याची तपासणी, अशा मागण्या होत्या. म्हणजे वंशाची विविधता पाहू नका, पण मतांची पाहा. अध्यक्ष अ‍ॅलन गार्बर यांनी १४ एप्रिलला नकार कळवला, आणि त्याच दिवशी सुमारे २२० कोटी डॉलरचे अनुदान गोठवले गेले. ३ सप्टेंबरला ही कारवाई पहिल्या घटनादुरुस्तीचा भंग करणारी ठरवली ती त्याच न्यायाधीश बरोज यांनी. ऑक्टोबरमध्ये सरकारने नऊ विद्यापीठांपुढे करारनामा ठेवला: प्राधान्याने अनुदान हवे असेल तर प्रवेशपरीक्षा सक्तीची करा आणि पदवीच्या वर्गांत परदेशी विद्यार्थी १५ टक्क्यांहून अधिक घेऊ नका. अमेरिकेत सर्वाधिक विद्यार्थी पाठवणाऱ्या भारतात, आणि अर्थात पुण्या-मुंबईत, या अटीकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. एमआयटीने सर्वांत आधी नकार दिला.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य संघराज्य पातळीवर अजून शाबूत आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांनाही ते बंद करायला सांगितले. स्टॅनफर्डने ते चालू ठेवले आणि त्यासाठी राज्याच्या विद्यार्थी-साहाय्य निधीवर पाणी सोडले.